कमानीला नको, संध्याकाळच्या दोन तासांना द्या

पत्र:

बाई, नमस्कार. माझं गाव सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात. नववीत नापास झालो आणि चुलत्यांचं बोट धरून कोईमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, दुकानात आलो. त्याला आता बत्तीस वर्षं झाली. गेल्या वैशाखात आबा गेले. आबांना सही करता येत नव्हती, ते अंगठा द्यायचे. पण गावातल्या शाळेच्या पहिल्या दोन खोल्यांचे दगड त्यांनी स्वतःच्या बैलगाडीनं वाहिले होते. त्यांच्या वर्षश्राद्धाला शाळेसाठी सहा लाख रुपये खर्च करायची माझी इच्छा आहे. गावकरी म्हणतात, आबांच्या नावाची कमान बांधा. मित्र म्हणतात, दप्तरं आणि वह्या वाटा. भाची म्हणते, आपली स्वतःची संस्था काढू. धाकटा भाऊ म्हणतो, शाळेत एकोणीस पोरं उरलीत, आज ना उद्या बंद पडेल, पैसे मातीत घालू नको. आणि आमच्या मंडळी, म्हणजे बायको, म्हणतात, शाळेपेक्षा ज्या घरात खायची पंचाईत आहे तिथं द्या. मी शिकलेला माणूस नाही. माझं डोकं चालेनासं झालंय. चैत्रात खरसुंडीच्या यात्रेला गावी येणार आहे. काय करू?

(पत्र लिहिणाऱ्यांच्या विनंतीवरून नाव आणि गाव दिलेलं नाही.)

उत्तर:

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ज्या माणसाला अंगठा द्यावा लागत होता त्यानं शाळेचे दगड वाहिले, हे वाचून थोडा वेळ पुढचं काही वाचवेना. त्या दगडांना शोभेल असंच काहीतरी व्हायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कमानीचं. गावाला कमान हवी आहे यात वाईट काही नाही, आणि वडिलांचं नाव चार लोकांनी वाचावं असं लेकाला वाटणं तर साहजिकच आहे. पण तिच्याखालून जाणाऱ्या पोराला तिच्यावरचं नाव वाचता येतं का, हे कुणी बघितलंय? मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यातली शेवटची सहा केंद्रप्रमुख म्हणून. एका शाळेत तिसरीतल्या मुलीला वाचायला सांगितलं. तिनं पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि धडा खणखणीत म्हणून दाखवला. बोट मात्र दुसऱ्याच ओळीवरून फिरत होतं. मी हळूच पान उलटलं, तरी तिच्या तोंडून तोच धडा चालू राहिला. मग पाटीवर ‘भाकरी’ लिहून दिलं. बराच वेळ बघत राहिली. ‘भ’ ओळखला, पुढं अडली आणि माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, “भाजी?”

पोरगी हुशार होती. ऐकून अख्खं पुस्तक पाठ करायला हुशारीच लागते. तिला वाचता येत नाही हे वर्गात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण आवाज मोठा होता आणि एकच गुरुजी चार वर्ग सांभाळत होते. याला आमच्याकडं बहुवर्ग अध्यापन म्हणतात. पहिलीला अक्षरं गिरवायला लावायची, दुसरीला बेरजा द्यायच्या, तिसरीला उतारा लिहायला सांगायचा, चौथीला शिकवायला जावं तर तोवर पहिलीतलं पोर रडायला लागलेलं असतं. वर मतदार यादीचं काम, प्रशिक्षण, ऑनलाइन माहिती भरणं आहेच. ही गत आपल्या एकट्या तालुक्याची नाही. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी करते. घरोघरी जाऊन मुलांच्या हातात एक कागद देतात. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. देशभरातल्या खेड्यांत पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता येत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: तुमचे सहा लाख वस्तूंवर घालू नका, माणसाच्या वेळेवर घाला. गावातल्या मुलांजवळ रोज दोन तास कुणीतरी बसेल आणि ते पाच वर्षं बसेल, अशी सोय करा.

वह्या-दप्तरांच्या वाटपाचं स्पष्टच सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळेत बालभारतीची पुस्तकं मोफत मिळतात, गणवेश मिळतो, दुपारचं जेवण शाळेतच शिजतं. वह्या लागतात, नाही असं नाही, पण वाटपाला येणारे सगळे जून नाहीतर पंधरा ऑगस्टलाच येतात. एका पोराकडं तीन दप्तरं आणि कंपासपेटीत पेन्सिलीचा तुकडा, हे मी डोळ्यांनी बघितलंय. केनियात काही अर्थतज्ज्ञांनी शाळांना मोफत पाठ्यपुस्तकं देऊन नीट तपासणी केली होती. फायदा झाला तो आधीच पुढं असलेल्या मुलांना. ज्याला वाचताच येत नाही त्याच्या हातात नवं पुस्तक दिलं तरी ते पुस्तक मुकंच राहतं. आणखी एक गोष्ट मनाला लागते म्हणून लिहिते. वाटपाच्या फोटोसाठी फाटक्या सदऱ्यातलं पोर हात धरून पुढं आणतात. पोरांना ते कळतं, दादा. दुसरीतल्या पोरालाही कळतं.

संगणकांचा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर तोही सध्या बाजूला ठेवा. एका शाळेत देणगीतून आलेले पाच संगणक होते. खोलीची किल्ली मुख्याध्यापकांकडं, कारण काही हरवलं तर साठा नोंदवहीत जाब त्यांना. मी गेले तेव्हा खोली उघडली. कीबोर्डांवर शिवून घेतलेली झाकणं तशीच होती आणि भिंतीवर उद्घाटनाचा हार वाळून लटकत होता. शाळेचं वीजबिल थकल्यामुळं कनेक्शनच तोडलेलं. देणारा भला माणूस होता, मुख्याध्यापकही भले होते. फक्त उद्घाटनानंतरच्या दिवसाचा विचार कुणी केला नव्हता.

भाचीला संस्था काढायची आहे. तिची तळमळ मोडू नका, पण संस्था म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी, दर वर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की फेरफार अहवाल. एका शाळेसाठी आणि सहा लाखांसाठी एवढा संसार कशाला मांडायचा? शाळेपाशी कायद्यानं दिलेली समिती आधीच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असल्या पाहिजेत. शाळा विकास आराखडा या समितीनंच करायचा असतो. कागदावर ही समिती प्रत्येक गावात आहे. तुमच्या गावात ती खरोखर बसते का, हे भाचीला विचारायला लावा. तिच्या तळमळीला तिथं भरपूर काम आहे.

आपल्या भागाला हे नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, वाळव्यातलं ऐतवडे बुद्रुक. किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरत. १९१९ साली कराडजवळच्या काल्यात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं. बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणाची तजवीज होईना तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. सोनं-चांदी तुमचा धंदा आहे, एका बाईनं मंगळसूत्र मोडणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या पैशांतून कुणाचं नाव कोरलं गेलं नाही. दाणे आले, ते दळले गेले आणि पोरांच्या ताटात पडले.

आता करायचं काय ते सांगते.

गावात डी.एड. किंवा बी.ए. होऊन घरी बसलेली एखादी सून किंवा लेक नक्की असेल. आटपाडी तालुक्यातलं असं एकही गाव मला माहीत नाही जिथं ती नाही. तिला महिन्याला सहा हजार मानधन द्या. वर्षातले दहा महिने धरले तर साठ हजार होतात. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, शाळेच्या व्हरांड्यात किंवा समाजमंदिरात, गावातल्या पहिली ते सातवीच्या सगळ्या पोरांना घेऊन तिनं बसायचं. बसवायचं कसं, हीच खरी गोम आहे. इयत्तेप्रमाणं नाही बसवायचं. ज्यांना अक्षरं येत नाहीत ते एका सतरंजीवर, शब्द येतात पण वाक्य येत नाही ते दुसरीवर, गोष्ट वाचता येते ते तिसरीवर. मग चौथीतला मुलगा आणि पहिलीतली मुलगी एकाच सतरंजीवर आले तरी चालेल. दर दोन महिन्यांनी पुन्हा वाचायला लावायचं आणि पोर पुढच्या सतरंजीवर सरकवायचं. ‘प्रथम’नं ही पद्धत वर्षानुवर्षं वापरली आहे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी ती नीट तपासली आणि तिनं मुलं खरोखर वाचायला लागतात असं त्यांना दिसलं. त्यात यंत्र नाही की तंत्र नाही, माणसानं जवळ बसावं लागतं एवढंच.

मघाच्या ‘भाकरी’वाल्या मुलीचं राहिलंच. तिच्या आळीतली बारावी झालेली एक मुलगी रोज संध्याकाळी तिला घेऊन बसायला लागली. पुस्तक बाजूला ठेवलं, घरातल्या वस्तूंच्या चिठ्ठ्या केल्या. डब्यावर ‘डाळ’, कणगीवर ‘बाजरी’, दारावर ‘दार’. दिवाळीनंतर मी गेले तेव्हा पोरगी फाट्यावर उभी राहून एसटीच्या पाट्या वाचत होती आणि बरोबरच्या बायकांना सांगत होती, “ही आपली नाही, ही करगणीची.” बायका तिचं ऐकून गाडी सोडत होत्या.

काही काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्या. वर्गाच्या वेळी गावातली एक आई आळीपाळीनं तिथं हजर असावी, रोज. मानधन दर महिन्याच्या ठरल्या तारखेला शिकवणाऱ्या ताईच्या खात्यावर जमा करा, कुणाच्या हातून रोख नको. समितीचा ठराव करून घ्या आणि शाळेच्या गुरुजींना पहिल्यापासून बरोबर घ्या. संध्याकाळचा वर्ग म्हणजे त्यांच्यावर ठपका असं त्यांना वाटलं तर सगळं तिथंच मोडेल. तुम्ही त्यांना भेटून विचारा, “गुरुजी, तुम्हाला कशाची अडचण आहे?” हा प्रश्न त्यांना बहुधा कुणी विचारलेला नसतो. कदाचित ते वीजबिल म्हणतील, कदाचित मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही म्हणतील. आपल्याकडं गावानं शाळेला दिलेल्या मदतीला शैक्षणिक उठाव म्हणतात. तो उठाव गुरुजींच्या यादीतून होऊ द्या.

सहा लाख पाच वर्षांवर पसरा. वर्षाला एक लाख वीस हजार. साठ मानधनाचे गेले, साठ उरतात. त्यातले थोडे गोष्टीच्या पुस्तकांवर घाला, पण ती कपाटात कुलूपबंद नकोत, दोरीला टांगलेली असू द्या. फाटली तर फाटू देत. फाटलेलं पुस्तक म्हणजे कुणीतरी हाताळलेलं पुस्तक. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर आबांच्या स्मरणार्थ असा शिक्का मारा. कमानीपेक्षा ते नाव जास्त डोळ्यांखालून जाईल.

आता तुमच्या मंडळींचं. त्यांचं म्हणणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं, आणि तुम्ही ते शेवटी लिहिलंत म्हणून जरा वाईटही वाटलं. पोर शाळेत का येत नाही याचं उत्तर पुष्कळदा शाळेत नसतंच. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं, आटपाडीत डाळिंबं पिकली, तरी ज्याच्या नावावर रानच नाही त्याच्या घरी ते पाणी पोचलं नाही. मेंढरांमागं जाणारी घरं दिवाळीनंतर निघतात ती पावसाळ्याच्या तोंडाला परततात. ऊसतोडीला जाणारं कुटुंब पोराला घेऊनच जातं, कारण घरी ठेवायचं कुणाजवळ? अशा मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आईबाप बाहेर असताना मुलाच्या गावातच जेवणाची सोय होते. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवलं की जिथं जाईल तिथल्या शाळेत बसता येतं. वडील वारलेल्या किंवा एकट्या आईच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, तिचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात होतो. योजना आहेत, पण कागद कोण करणार? उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार खात्याला जोडणं. एका विधवा बाईनं या कागदांसाठी आटपाडीला चार हेलपाटे घातले तर चार दिवसांची मजुरी बुडते. ती पाचव्यांदा जात नाही. म्हणून उरलेल्या पैशांतला एक हिस्सा या कागदांसाठी ठेवा: जाण्यायेण्याचं भाडं, बुडालेली मजुरी आणि बरोबर जाणारं माणूस. मंडळींना हे काम द्या. त्या कोईमतुरातून फोनवरही याचा पाठपुरावा करू शकतील.

यातली एक योजना तर हातची जाऊ देऊ नका. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, सातवीत किमान ५५ टक्के गुण असलेल्या मुलांना बसता येतं, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के चालतात. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. पास होऊन यादीत नाव आलं की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० झाले. तुमच्या वाडीतली दोन पोरं जरी निवडली गेली तर सरकारकडून गावात ९६,००० येतील, आणि त्यासाठी तुम्हाला लागेल तो फक्त परीक्षेचा सराव आणि वेळेत भरलेला फॉर्म. फॉर्म शाळेमार्फत भरायचा असतो. कित्येक गावांत तो भरलाच जात नाही, कारण आईबापांना परीक्षेचं नावच माहीत नसतं. नवोदयचंही तसंच. आपल्या जिल्ह्यातलं नवोदय विद्यालय पलूसला आहे, सहावीला प्रवेश, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. संध्याकाळच्या वर्गातली चुणचुणीत चार पोरं हेरून त्या ताईनं त्यांच्याकडं आठवड्यातून दोनदा जास्त वेळ बघावं.

मुलींचं वेगळं बघावं लागेल. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण वाडीवर एसटीच येत नसेल तर पास घेऊन काय करायचं? फाट्यापर्यंत तीन-चार किलोमीटर चालायचं, हिवाळ्यात परतताना अंधार. दहावीनंतर “आता बास” म्हणतात ते याच रस्त्यामुळं, आणि मग सोयरीक बघायला लागतात. तुमच्या वाडीतून किती मुली हायस्कूलला जातात ते मोजा. चार असतील तर चार सायकली घ्या, मोठ्या समारंभाशिवाय द्या. आणि आगारप्रमुखांकडं गाडीच्या वेळेसाठी गावचा अर्ज घेऊन जा. गलाईवाल्यांच्या शब्दाला आटपाडी-विट्यात वजन आहे, ते इथं वापरा.

धाकट्या भावाच्या शंकेला उत्तर द्यायचं राहिलं. ती शंका खोटी नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं २०२३ पासून चाललंय. उद्या तुमची शाळा दुसऱ्या गावात हलली तर कमान आणि संगणक रिकाम्या इमारतीत राहतील. वाचायला शिकलेली एकोणीस पोरं मात्र कुठल्याही शाळेत जाऊन बसतील, आणि संध्याकाळचा वर्ग त्यांच्याच गावात चालू राहील. उलट असंही होतं की वर्ग चांगला चालला की इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीत बसणारी दोन-चार पोरं गावच्या शाळेत परत येतात. मी दोन गावांत हे बघितलंय. तुमच्याकडं होईलच असं वचन मात्र देत नाही.

शेजारच्या माण तालुक्यातल्या म्हसवडची एक गोष्ट तुमच्या मंडळींना सांगा. चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानं तिथं बायकांची बँक काढायचं ठरलं, तर पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण प्रवर्तक बायका अंगठा देणाऱ्या होत्या. बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेपुढं गेल्या. रकमेवरचं व्याज तोंडी काढून दाखवायची त्यांची तयारी होती. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आबांसारखी अंगठा देणारी माणसं हिशेबात कच्ची नव्हती, दादा. त्यांना अक्षर कुणी दिलं नव्हतं, एवढंच.

तुम्ही चैत्रात खरसुंडीच्या यात्रेला येणार असं लिहिलंय. त्या दिवसांत शाळा सकाळची असते. यात्रा झाली की लगेच गाडी पकडू नका, एक दिवस जास्त राहा. सकाळी शाळेत जा, कुणाला आधी कळवू नका, शाल-नारळ नको. गुरुजींची परवानगी घेऊन मागच्या बाकावर बसा. येताना आपल्याबरोबर एक गोष्टीचं पुस्तक आणा, पोरांनी कधी न बघितलेलं. सुट्टीत एकेकाला जवळ बोलवा आणि एक पान वाचायला लावा. घाई करू नका, अडलं तर चिडू नका. किती जणांनी वाचलं, किती जण अडले आणि कुठं अडले, हे दुकानातल्या हिशेबाच्या वहीत लिहितात तसं लिहून ठेवा, आणि तो कागद मला पाठवा. त्यावरून पहिल्या सतरंजीवर कुणाला बसवायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.